पायाला कळणारी वाट

सर्जेराव मिस्त्रीला बसता येत नाही. म्हणजे गुडघे धड आहेत, कंबर धड आहे. बूड टेकलं की पाचव्या मिनिटाला माणूस उठतो, एवढंच. लग्नाच्या पंगतीत पहिला भात संपायच्या आत तो कार्यालयाची फरशी बघत हिंडायला लागायचा. कुणाकडं चहाला गेला तर कप हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं चालायचा, मधेच वाकायचा आणि यजमानाला विचारायचा, "ही तिसरी टाइल खाली बसलीय बगा. कुणी केलं हे काम?" पुण्यात पाहुण्यानं असं विचारलं की पुढच्या वेळी चहा होत नाही. सर्जेरावला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मूळ गाव खडकवासल्याच्या अलीकडचं. थोरल्या भावानं वाटणीची जमीन बिल्डरला दिली, पांढरी गाडी घेतली आणि तो दिवसभर त्या गाडीत बसून राहू लागला. सर्जेराव त्याच्या कितीतरी आधी शहरात येऊन फरशीकामाला लागला होता. पुढं हिंजवडीत शेतं जाऊन काचेच्या कंपन्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्या काचेच्या आत जमीन घालायला माणूस लागला, आणि तो माणूस सर्जेराव. कंपनीच्या बसमधून पोरंपोरी उतरायची आणि गळ्यातलं कार्ड हलवत ज्या चकचकीत लॉबीतून आत जायची, ती लॉबी यानं गुडघ्यांवर सरकत सरकत घातलेली असायची. त्याचा दबदबा एकाच गोष्टीचा: लेव्हल. काम संपलं की तो शर्टाच्या खिशातून काचेची गोटी काढून लॉबीच्या मधोमध ठेवायचा. गोटी हलायची नाही. साहेब लोक वाकून बघायचे, टाळ्या वाजवायचे. सर्जेराव गोटीकडं बघत उभा राहायचा, आणि ती हलली नाही याचं सुख त्याला पुढची साइट सुरू होईपर्यंत पुरायचं. म्हणजे साधारण दीड दिवस.

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. नकाशात चूक दिसली तर तो बोलत नसे. बोललं की आर्किटेक्टला राग येतो, मीटिंग होते, काम थांबतं. तो गुपचूप सुधारून टाकायचा. न्हाणीघराचा उतार चुकून दाराकडं काढलेला असला तर हा जाळीकडं काढायचा. जिन्याची शेवटची पायरी उंच निघत असली तर तो फरक हा सगळ्या पायऱ्यांत वाटून टाकायचा. नकाशावाल्यांना पत्ताही लागायचा नाही. जुने मिस्त्री असंच करतात आणि त्याला इमान म्हणतात.

बायको विजयमाला. तिच्या पायाला चाकं. सकाळचा स्वयंपाक उरकला की मार्केट यार्डात चालत, तिथून बहिणीकडं धनकवडीला चालत, येताना भिशी, भिशीवरून कुणाच्या तरी बारशाला. रिक्षा ही आजारी माणसाची गाडी, असं तिचं मत होतं. नवरा घरात येरझाऱ्या घालणारा, बायको गावभर फिरणारी. एकुलता एक मुलगा योगेश नोकरीनिमित्त बंगळूरला गेला तेव्हा शेजारी म्हणाले, हे तर त्याच्या रक्तातच होतं.

चाळिशी उलटली आणि विजयमालाला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकते ते बघू. ती तीन वर्षं टिकली. दोन हजार पाचच्या दिवाळीत पणती कुठं ठेवलीय हे तिला हाताला लागणाऱ्या उबेवरून शोधावं लागलं.

मग सर्जेरावनं त्याला जे करता येतं तेच केलं. विजयमाला दोनदा उंबऱ्याला अडखळली; तिसऱ्या दिवशी त्यानं बिबवेवाडीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरातले चारही उंबरे फोडून काढले. शेजारच्या काकू हळहळल्या, "अहो, उंबरा असा फोडतात का? लक्ष्मी यायची कुठून?"

"घरातली लक्ष्मी पडून हाडं मोडून घेईल, ती बगू आधी," तो म्हणाला.

घरातली जुनी खडबडीत शहाबादी उखडून त्यानं मोरीच्या तोंडापासून पुढच्या दारापर्यंत एकसारखी गुळगुळीत टाइल घातली. आठ दिवस खपत होता. शेवटी गोटी ठेवली. हलली नाही. "आता कुठंबी जा. पाय अडखळणार न्हाई," तो बायकोला म्हणाला. विजयमाला "बरं" म्हणाली, भिंत चाचपत खिडकीपाशी गेली आणि तिथल्या खुर्चीत बसली. त्यानंतर ती खुर्ची तिनं फारशी सोडलीच नाही.

बाहेर जायचं तर नावच नको. "चल, हात धर, यार्डात जाऊन येऊ," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "दावं लावलेल्या शेळीगत मी जाणार न्हाई. माझी मी जाईन, न्हाईतर घरात बसंन." ती बसली. दीड वर्ष बसली. सर्जेराव संध्याकाळी कामावरून यायचा, दाराशी चपला काढायचा, आणि त्याला सकाळी जिथं ठेवली होती तिथंच बायको दिसायची. तो परत चपला घालून चौकापर्यंत जायचा आणि उगाचच परत यायचा. तिची चाकं निघाली आणि याच्या पायाला आणखी दोन लागली, असं झालं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, घरापासून दहा मिनिटांच्या चढावर, एका पडीक प्लॉटवर बाग करायचं निघालं. पैसा हिंजवडीतल्या एका कंपनीचा, आणि नकाशा उत्कर्षा नावाच्या आर्किटेक्टचा. मुलगी तिशीची, पाठीवर सॅक, तोंडात अर्धं इंग्रजी. सर्जेरावला तिनं रिकाम्या प्लॉटवर बोलावलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "काका, ही बाग बघायची नाहीये. ब्लाइंड लोकांसाठी आहे. डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चाला."

सर्जेरावनं डोळे मिटले. दोन पावलं टाकली आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढं आले. चौथ्या पावलाला त्यानं डोळे उघडले. पुढं काही नव्हतं, सपाट जमीन होती. त्याला लाज वाटली आणि भलत्याच जोरात घरची आठवण झाली.

उत्कर्षा बोलत होती. फाटकापाशी बकुळ, म्हणजे आलो हे नाकाला कळेल. पहिल्या वळणावर पाण्याचं टाकं, धार सतत पडते, म्हणजे वळण कानाला कळेल. दुसऱ्या वळणावर बांबूचं बेट, वारा आला की ते बोलतं. तिसऱ्यापाशी काळ्या दगडाची उंच भिंत, कारण भिंत जवळ आली की काठीचा आवाज बदलतो. अंधशाळेतल्या मास्तरांनी तिला हे शिकवलं होतं. कडेला कमरेइतका कठडा, त्याच्या खालच्या अंगाला खाचा: एक खाच म्हणजे पुढं बाक, दोन म्हणजे नळ. आणि या सगळ्याच्या मधून, शहाबादीच्या वाटेत, रेघा कोरलेल्या पिवळ्या दगडांचा पट्टा. त्या पट्ट्यावर पाय ठेवायचा आणि चालत सुटायचं. थांबायचं तिथं रेघांऐवजी ठिपके.

"म्हंजे हात धरायला माणूस नको?" सर्जेरावनं विचारलं.

"एग्झॅक्टली," ती म्हणाली. त्यानं काम तिथंच घेतलं.

संध्याकाळी चपला न काढताच तो दारातून ओरडला, "विजे, तुझ्यासाठी वाट करतोय! तुझी तू चालायची. कुणी धरायचं न्हाई." विजयमालानं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा नीट त्याच्या बाजूला आला. "मस्करी करू नका," ती म्हणाली. "तुझ्या गळ्याची शपथ," तो म्हणाला. झालं! शपथ घेऊन बसला.

काम जीव ओतून केलं. त्याच्या हाताखाली वीस वर्षं असलेला संभाजी म्हणायचा, मिस्त्री, देवळाचं काम चाललंय का? पिवळे दगड आले तेव्हा सर्जेरावनं नकाशा पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. दगडाचं अंग शहाबादीच्या बरोबरीनं ठेवायचं आणि रेघा पाच मिलिमीटर वर राहू द्यायच्या, असं लिहिलं होतं. वर? भर वाटेत? आंधळ्या माणसाच्या पायाखाली? त्याला उंबऱ्याला अडखळलेली विजयमाला दिसली. पोरगी हुशार आहे, पण लहान आहे, चुकली बिचारी, असं त्यानं मनात म्हटलं. आणि नेहमीप्रमाणं कुणाला न बोलता सुधारलं. एकेक दगड पाच मिलिमीटर खाली बसवला. रेघांचे माथे शहाबादीशी बरोबर मिळाले. मग त्याच्या लक्षात आलं की रेघांच्या मधल्या खाचांत पाणी साचेल, शेवाळ धरेल, पाय घसरेल. त्या खाचाही त्यानं पांढऱ्या सिमेंटनं भरून घेतल्या आणि वरून घासून घेतल्या. दीडशे फूट वाट. करड्या शहाबादीत पिवळा पट्टा असा शोभत होता की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

उत्कर्षा येऊन गेली. त्या आठवड्यात तिची तीन कामं चालली होती. फाटकाच्या पायरीवर उभी राहून, कानाला मोबाइल लावून तिनं सगळी वाट नजरेखालून घातली आणि अंगठा वर केला. कंपनीचा ऋषी आला, त्यानं फोटो काढले. उद्घाटन शनिवारी सकाळी दहाला ठरलं.

शुक्रवारी सकाळी सातला सर्जेरावनं बायकोला रिक्षातून आणलं. साहेबांच्या आधी तिनं चालायचं, हा त्याचा हट्ट. तिनं नवी साडी नेसली होती. फाटकापाशी तिनं खोल श्वास घेतला, "बकुळ," म्हणाली आणि त्याचा हात झटकला. "सोडा आता."

"पायाखाली पिवळा दगड हाय बग."

"पिवळा मला काय कामाचा? सरका."

आठ पावलं ती सरळ गेली. नवव्याला डावीकडं कलली. सर्जेरावला वाटलं, आता सरळ होईल. ती आणखी कलली. पट्टा सुटला हे तिला कळलंच नव्हतं. पुढं टाक्याकडं जाणारी पाण्याची पन्हळ होती. ओरडायचं नाही, धरायचं नाही, असा शब्द त्यानं दिला होता. तो शब्द पाळण्यात दोन क्षण गेले आणि विजयमालाचा पाय पन्हळीत जाऊन ती हातांवर पडली.

तो आणि सकाळीच कामावर आलेला संभाजी, दोघं धावले. लागलं फारसं नव्हतं. साडी भिजली, तळहात खरचटले. ती पाण्याच्या कडेला बसून राहिली.

"कुठाय तुमची वाट?" तिनं विचारलं.

"हितं तर हाय, पायाखाली! तू सुटलीस तिच्यावरून."

"न्हाई. हितं काय बी न्हाई. सगळं एकच लागतंय."

सर्जेराव खाली वाकला आणि त्यानं पट्ट्यावरून तळहात फिरवला. शहाबादीवरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून शहाबादीवर. मग त्यानं डोळे मिटून फिरवला. कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते हाताला कळेना.

"मिस्त्री, लेव्हल तर एक नंबर हाय," संभाजी हळूच म्हणाला.

"तेच तर केलंय ना मी, गाढवा," सर्जेराव म्हणाला.

विजयमाला उठून उभी राहिली. तिनं आपणहून हात पुढं केला. "धरा. घरी न्या मला." दीड वर्षात जो हात तिनं स्वतः होऊन कुणाला दिला नव्हता तो तिनं मुकाट्यानं त्याच्या हातात दिला. सर्जेरावला वाटलं, हिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला घरी सोडून तो बागेत परतला आणि त्यानं उत्कर्षाला फोन लावला. ती अर्ध्या तासात स्कूटरवरून आली, चप्पल काढून पट्ट्यावर उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, मी पाच मिलिमीटर लिहिलं होतं!"

"वाचलं व्हतं."

"मग?"

"मला वाटलं, चुकलं तुमचं."

"आणि विचारलं नाही?"

"न्हाई. आमच्यात इचारत न्हाईत, सुधारतात. लोक अडखळतील म्हणून…"

"अडखळायलाच पाहिजे थोडंसं! पायाला काहीतरी लागलं तरच कळणार ना कुठं आहोत!" ती ओरडली. मग पायरीवर मटकन बसली. "मी पण येऊन गेले की," ती म्हणाली. "इथून, या पायरीवरून बघितलं. नुसतं बघितलं. अंधशाळेतल्या मुलांना उद्घाटनानंतर आणणार होते. मी पण शहाणीच."

ऋषीला कळवलं तर तो गाडी घेऊन धावतपळत आला. मुलगा वाईट नव्हता, पण शनिवार त्याच्या मानेवर बसला होता. "काका, उद्या अमेरिकेहून क्लायंट येतायत. एकदम मस्त दिसतंय सगळं. सोमवारनंतर करू ना चेंज. कोण बघणारे?"

"कुणी बगणार न्हाई, म्हणून तर केलीय ही वाट," सर्जेराव म्हणाला. त्यानं छन्नी घेतली, पहिल्या पिवळ्या दगडाच्या सांध्यात घातली आणि हातोडा मारला.

ऋषी "अहो, अहो" करत राहिला. उत्कर्षा मधे पडली नाही. संभाजीनं घाम पुसला, दुसरी छन्नी उचलली आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. तीस वर्षांत सर्जेरावनं स्वतःचं काम कधी फोडलं नव्हतं. एकेक दगड निघताना त्याचा जीव कळवळत होता, आणि तरी हात थांबेना. दुपारपर्यंत बागेच्या मधोमध दीडशे फुटांचा चर पडला.

शनिवारची फीत हिंजवडीतच कापली गेली, कंपनीच्या लॉबीत, बागेच्या फोटोसमोर. ती लॉबीही सर्जेरावनंच घातलेली होती. ऋषीनं त्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला म्हणतात. काढो बापडा.

पण खरी पंचाईत पुढंच होती. नवे दगड सर्जेरावच्या पदरच्या पैशानं आले, पण त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. पाच मिलिमीटर म्हणजे पायाला किती? त्यानं अनवाणी उभं राहून पाहिलं. तीस वर्षं सिमेंटमध्ये भिजलेले त्याचे तळवे. त्यात खिळा गेला तरी चपलेत रक्त दिसल्यावरच त्याला कळायचं. संभाजीचीही तीच गत. चौथ्या दिवशी तो काम अर्ध्यावर टाकून घरी आला आणि खुर्चीसमोर उभा राहिला.

"बागेत चल."

"त्या बागेचं नाव काढू नका."

"फिरायला न्हाई, कामावर. मला पाय पायजेत. माझे मेलेत."

विजयमालानं पायाचा अंगठा टाइलवर घासला. मग म्हणाली, "घरातले उंबरे काढले तवा इचारलं व्हतं का मला?"

"अगं, तू पडत व्हतीस…"

"दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले नसते. उंच उंबरा लागला की सैपाकघर. मधी टवका गेलेला लागला की झोपायची खोली. मोरीपाशी शहाबादी गार लागायची. नजर जात व्हती तशी मी पायानं घर पाठ करत व्हते. तुम्ही आठ दिवसांत सगळं घर पुसून टाकलंत. कुठं उभी हाय तेच कळंना. म्हणून बसले ह्या खुर्चीत. ही तेवढी कळती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केलं व्हतं. गोटी ठेवलीत, हलली न्हाई म्हणालात. काय बोलू?"

सर्जेराव खाली बसला. भिंतीला टेकून, आपण घातलेल्या त्या गुळगुळीत टाइलवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो उठला नाही. आपण या बाईला सांभाळतोय असं समजून तिला खुर्चीत कोंडलं, हे त्याला स्पष्ट दिसलं. शेवटी विजयमालाच म्हणाली, "उठा. येते मी. पण बायको म्हणून न्हाई. कामावरचं माणूस म्हणून. मी 'काढा' म्हणलं की काढायचं, तोंड वर करून बोलायचं न्हाई."

आणि बाईनं काम काढलं म्हणता! रोज सकाळी सर्जेराव तिला हाताला धरून चढावरून आणायचा. हात धरताना ती तोंड वाकडं करायची, पण यायची. आली की चप्पल काढायची आणि नव्या दगडांवरून चालायची. "हा बसका हाय. काढा." "हा पुढच्यापेक्षा उंच. बोट ठेचतंय. काढा." ज्या माणसाच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं त्याचे तिनं एका दिवसात अकरा दगड काढायला लावले. संभाजी तोंड फिरवून हसायचा.

दगडांवरच थांबली असती तर ती विजयमाला कसली. कठड्याच्या खालून हात फिरवत ती उत्कर्षाला म्हणाली, "ताई, खाचा खाली का केल्यात? माझ्या बांगड्या अडकतात. बायका यायच्या न्हाईत का तुमच्या बागेत?" उत्कर्षानं आपली मोकळी मनगटं पाहिली आणि वही काढली. नऊ वाजले की रस्त्यावर गाड्यांचा इतका कल्ला होतो की टाक्याची धार ऐकूच येत नाही, हेही विजयमालानंच सांगितलं. मग धार हातभर उंचावरून, पितळी परातीवर पाडली. उत्कर्षा आता पायरीवरून बघत नव्हती. डोळ्यांवर ओढणी बांधून विजयमालाच्या मागं मागं चालायची आणि दर दोन पावलांना "थांबा, थांबा" करायची. "तुमचं ठीक हाय," विजयमाला तिला म्हणाली, "दमलात की ओढणी काढता." ते उत्कर्षाला लागलं, पण तिनं तेही लिहून घेतलं.

महिन्याभरानं, एका सकाळी, शेवटचा दगड बसला. फीत नाही, खुर्च्या नाहीत. फाटकापाशी तिघं उभे राहिले आणि विजयमाला निघाली. तिच्या पावलाला रेघ लागली. ती नवव्या पावलाला कलली नाही. परातीवरच्या धारेपाशी वळली. बांबूच्या बेटापाशी तिनं चालीचा वेग वाढवला. ती तर आता भरभर चालत होती, यार्डातून धनकवडीला निघाल्यासारखी, हात मोकळे, पदर खोचलेला. भिंतीपाशी तिनं टाळी वाजवून पाहिली. वळली. पूर्ण फेरी मारून फाटकापाशी ठिपक्यांवर आली आणि मोठ्यानं हसली. असं हसणं घरात दोन वर्षं झालं नव्हतं.

"धर हात," सर्जेराव पुढं होऊन म्हणाला.

"का? दमले न्हाई मी," असं म्हणून ती पुन्हा निघाली. दुसरी फेरी. तिसरी. उत्कर्षा डोळे पुसत दुसऱ्या साइटवर गेली, संभाजी पोती गोळा करायला लागला. सर्जेराव फाटकातच येरझाऱ्या घालत होता.

तिसऱ्या फेरीनंतर ती ठिपक्यांवर थांबली, पण वळली नाही. बाहेरच्या बाजूला तोंड करून उभी राहिली.

"ह्याच्या पुढं काय हाय?"

"रस्ता हाय."

"ते ऐकू येतंय. काय काय हाय ते सांगा."

सर्जेरावनं पाहिलं. तीन महिने तो याच फुटपाथवरून रोज ये-जा करत होता. "दुचाक्या लावल्यात," तो म्हणाला. "फुटपाथ पार अडवून. मग विजेची पेटी हाय, मधोमध. मग चेंबर हाय. झाकण न्हाई, कुणी फांदी खोवून ठेवलीय. रसवंतीचा गाडा. पुढं फुटपाथच न्हाई."

"आपल्या घरापर्यंत असंच?"

"असंच."

विजयमालानं मान हलवली. ती चिडली नव्हती. हिशेब लागल्यासारखं शांतपणे म्हणाली, "म्हंजे मला आणणार तुम्ही. आन् परत नेणार तुम्ही. मधी तेवढी मी मोकळी."

सर्जेरावनं मागं वळून वाटेकडं पाहिलं. दीडशे फूट वाट, तीही गोल, जिथून निघाली तिथंच परत येणारी. ह्याच्यासाठी त्यानं गळ्याची शपथ घेतली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला दिसत नाही म्हणून त्यानं ते पुसलं नाही.

"नाक ओढू नका," ती म्हणाली. "चांगली झालीय वाट. लई चांगली झालीय. मी आणखी दोन फेऱ्या मारते. तवर तुम्ही इचारून या, हा भायेरचा फुटपाथ कुणाच्या हातात असतो. त्याच्याकडं मला घेऊन चला. मी बोलंन त्याच्याशी."

ती वळली आणि रेघेला लागली. सर्जेरावनं तिची पाठ पहिल्या वळणापर्यंत पाहिली, मग चपला पायात सरकवल्या आणि रस्त्यावर आला. कुणाला विचारायचं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं. समोर रसवंतीवाला होता. त्यालाच विचारलं.